रिकाम्या टाकीचं वजन

रिकामी ॲल्युमिनियमची टाकी समुद्रात सोडली तर ती तरंगते. रिकामी पोलादाची टाकी तळाला जाते. कुठली टाकी चांगली यावर स्कूबावाल्यांमध्ये रात्ररात्र वाद रंगतात. त्या वादाचं मूळ एवढंच आहे.

मालवणला माझ्याकडे शिकायला येणारी मंडळी टाकीकडे पाहून हटकून विचारतात, "ॲल्युमिनियमची म्हणजे हलकी असणार ना?" तसं नसतं. उष्ण समुद्रांत जगभर चालणारी ॲल्युमिनियमची टाकी, जिला आम्ही 'एटी' म्हणतो, व्हॉल्व्ह सोडून चौदा किलोंच्या आसपास भरते. युरोपात सर्रास दिसणारी पोलादाची १२ लिटरची टाकीही साधारण तेवढीच. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश, हे खरं. पण ताकदही कमी, म्हणून २०० बारच्या पुढचा दाब सोसायला त्याची भिंत ११-१२ मिलिमीटर जाड ठेवावी लागते. पोलादाचं ४-५ मिलिमीटरमध्ये भागतं. काट्यावर दोघी सारख्याच.

पाणी मात्र वजनाबरोबर आकारही बघतं. जाड भिंतीमुळे एटी बाहेरून साडेसोळा लिटरच्या घरात जाते आणि जवळजवळ १७ किलो समुद्राचं पाणी बाजूला सारते. रिकामी टाकी आणि व्हॉल्व्ह मिळून भरतात पंधरा किलो. उरलेल्या दोन किलोंच्या जोरावर ती वर यायला बघते. पोलादाची टाकी आत हवा जास्त मावूनही बाहेरून चौदा लिटरच्या आसपासच असते. ती रिकामी झाली तरी अर्धापाऊण किलोने खालीच ओढते.

आता हवेचं वजन. ज्याला सगळे 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात त्यात आपली नेहमीचीच हवा असते, गाळून आणि दाबून भरलेली. एटीत २०७ बारला सुमारे २२०० लिटर हवा मावते. लिटरला १.२ ग्रॅम धरले तर अडीच किलोंहून जास्त. बुडीत ती आपण बुडबुड्यांवाटे सोडून देतो. म्हणजे टाकी कुठलीही असो, उतरताना होता त्यापेक्षा माणूस वर येताना दोनेक किलोंनी हलका झालेला असतो. पोलादाची टाकी जड होती ती कमी जड होते. ॲल्युमिनियमची मात्र किंचित जड होती ती तरंगू लागते.

हे नेमकं नको त्या वेळी घडतं. बुडी संपवून वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनला सावकाश बाहेर पडू देण्यासाठी. टाकीत तेव्हा ५० बार उरलेले असतात. खोलवर दबलेला निओप्रीनचा सूट वर येताना पुन्हा फुगलेला असतो आणि पाठीवरची टाकी वर ओढत असते. नवशिक्या तिथे पाय झाडत राहतो, आणि तरी वर जातो. शिक्षक मग पुढच्या बुडीला त्याच्या कमरेला दोन किलो शिसं जास्त बांधतो. टाकी शेवटी तरंगणार, म्हणून हे शिसं पहिल्या मिनिटापासून वाहायचं. त्यामुळे टाकी निवडताना मी तिच्या भरल्या वजनापेक्षा एकच गोष्ट बघतो: शेवटच्या पाच मीटरवर ती कशी वागेल.

या प्रश्नाचं उत्तर पाण्यागणिक बदलतं. इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये स्टोनी कोव्ह नावाची जुनी दगडखाण आहे; आता ती पाण्याने भरलेली आहे आणि तिथे बुड्या चालतात. हिवाळ्यात तिथलं पाणी हाडं गोठवणारं. ड्रायसूट आणि आतले गरम कपडे यांत एवढी हवा अडकते की दहा-बारा किलो शिसंही जास्त वाटत नाही. तिथे पोलादाची टाकी दोनअडीच किलो शिसं वाचवते, हवाही जास्त देते. तिकडच्या मराठी मुलांना मी डोळे मिटून पोलाद सांगतो.

मालवणात तीन मिलिमीटरचा सूट, कधी तर नुसता टी-शर्ट. एखाद्या सडपातळ माणसाच्या पाठीवर पोलादाची टाकी दिली, तर कमरेला शिसं न बांधताही तो गरजेपेक्षा जड होऊ शकतो. बीसीडी, म्हणजे हवा भरून तरंगवणारं जाकीट, फाटलं तर झटकून टाकायला वजनच उरत नाही, कारण वजन टाकीतच आहे आणि टाकीतूनच श्वास चालू आहे. पातळ सूटवर पोलादाच्या जोडटाक्या घ्यायला जाणकार तयार नसतात ते याचसाठी. खोल जाणारे डायव्हर पाठीवर पोलाद घेतात ते ड्रायसूट असताना. बगलेला अडकवायची जादा टाकी मात्र ॲल्युमिनियमचीच, कारण ती पाण्यात फारशी ओढत नाही.

दुसरा प्रश्न निगराणीचा. किनाऱ्यावरच्या टाक्या रोज भरल्या जातात, बोटीत आपटतात, खाऱ्या पाण्यात भिजतात. कॉम्प्रेसरचं फिल्टर वेळेवर बदललं नाही, किंवा टाकी पूर्ण रिकामी होऊन व्हॉल्व्हमधून समुद्राचे थेंब आत गेले, तर पोलाद आतून गंजतं. गंज चढताना आतला ऑक्सिजन खर्च होतो, हे त्याहून वाईट. तशी टाकी महिनोन् महिने भरून ठेवली तर श्वास घेणाऱ्याला धोका असतो. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच पुढची झीज रोखतो. दहा हातांतून जाणाऱ्या टाकीला हा गुण मोलाचा. शिवाय तिचं बूड सपाट, बाहेरून बूट न घालताही उभी राहते.

म्हणून ॲल्युमिनियम निर्धोक, असंही नाही. ६३५१ या मिश्रधातूच्या जुन्या टाक्यांना सततच्या दाबाने मानेच्या आट्यांपाशी चिरा जाऊ लागल्या, तेव्हा कारखानदार ६०६१ कडे वळले. पितळी व्हॉल्व्ह आणि ॲल्युमिनियमची मान यांच्यामध्ये मीठ साचलं तर मान झिजते. आणि रंग पक्का करायला कुणी टाकी भट्टीत घातली, तर ती कायमची बाद समजायची; १७७ अंश सेल्सियसच्या वर तिची ताकद ढळते. गरम जस्तात बुडवून गॅल्वनाइझ करणं पोलादालाच झेपतं.

दोन्ही धातूंची खरी परीक्षा हायड्रो टेस्टमध्ये होते. पाण्याने भरलेल्या टाकीवर नेहमीच्या दाबाच्या दीडपट किंवा त्याहून थोडा जास्त दाब देतात आणि ती किती फुगली, दाब काढल्यावर किती परत आली, ते मोजतात. पूर्ववत न होणारी वाढ ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की टाकी बाद. भारतात अशा सिलिंडरांचे नियम 'पेसो' ही केंद्रीय संस्था पाहते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. टेस्टची तारीख टाकीच्या खांद्यावर ठोकलेली असते. बोटीवर चढण्याआधी ती वाचायला कुणाची परवानगी लागत नाही.

हौशी माणसाने स्वतःची टाकी विकत घेऊ नये, असं माझं मत आहे. विमानात भरलेली नेता येत नाही, आणि जाल तिथे भाड्याने मिळते. विकत घ्यायचा तो मास्क आणि डायव्ह कॉम्प्युटर. मात्र लॉगबुकात एक रकाना वाढवा. लोक खोली लिहितात, तापमान लिहितात, कासव दिसलं तर अर्धं पान लिहितात. टाकीचा धातू कुणी लिहीत नाही. तारकर्लीला ॲल्युमिनियमवर ठरलेलं शिसं इंग्लंडात पोलादावर चालणार नाही. म्हणून बुडी संपल्यावर, ५० बार उरलेले असताना, बीसीडी रिकामं करून नेहमीसारखा श्वास रोखा. पाण्याची पातळी डोळ्यांशी आली तर शिसं बरोबर. मग सूट, धातू आणि किलो, हे तिन्ही एकाच ओळीत लिहून ठेवा.