अँटुटू आणि अनंत चतुर्दशी

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी दुकान अर्धा तास लवकर उघडतो. आदल्या संध्याकाळी मांडवीच्या समुद्रात गणपतीबरोबर जे जे उतरलेलं असतं, ते सकाळी माझ्याकडे येतं, तेही बहुतेक वेळा तांदळाच्या डब्यातून. तांदूळ घरचा असो की रेशनचा, फोनमधलं पाणी तो ओढून घेत नाही. त्याचा कोंडा मात्र चार्जिंगच्या तोंडात घट्ट बसतो, आणि तो उकरून काढण्यात माझी दहा मिनिटं जातात.

यंदा आलेल्यांत दोघं आतेमामेभाऊ होते. एक मुंबईचा चाकरमानी, दुसरा इथलाच. गणपतीचे दहा दिवस मखराशेजारी बसून दोघांनी अँटुटू या फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपवर आपापले आकडे काढले होते. मुंबईकराला दहा लाखांच्या वर, गाववाल्याला सात. ब्रँड सांगत नाही, कारण माझ्या टेबलावर आले तेव्हा दोन्ही सारखेच बंद होते.

वीस वर्षं मी फोन दुरुस्तीचं हेच काम करतोय. या शहरात कंपन्यांची भांडणं मी शटरवरच्या रंगांतून पाहिली. आधी नोकिया 1100, टॉर्चवाला. मग मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा. जुलै 2014 मध्ये शाओमीचा एमआय 3 आला, 13,999 रुपयांना आणि फक्त ऑनलाइन. विक्री सुरू होते न होते तोच माल संपायचा. ‘काका, तुम्ही बटण लवकर दाबता का बघा’ म्हणून पोरं माझ्या दुकानात येऊन बसायची, कारण माझं ब्रॉडबँड त्यातल्या त्यात बरं होतं. पुढे ऑप्पोचा हिरवा आणि विवोचा निळा आला आणि गोखले नाक्यापासून मारुती मंदिरापर्यंत मूळ दुकानाचं नाव शोधावं लागायला लागलं. एकाने 2017 मध्ये भारतीय संघाची जर्सी 1,079 कोटींना घेतली, दुसऱ्याने त्याच वर्षी पाच हंगामांसाठी आयपीएल 2,199 कोटींना.

गंमत अशी की ऑप्पो आणि विवो दोन्ही चीनमधल्या बीबीके या एकाच घरातून निघाले. वनप्लस आणि रिअलमीही त्याच गोतावळ्यातले. वनप्लस घेतलेला पोरगा ऑप्पोवाल्याला हसायचा, तेव्हा त्याचं ते कौतुकाचं डॅश चार्जिंग ऑप्पोच्याच वूक चार्जिंगवरून घेतलेलं होतं. आयफोन एक्सचा डिस्प्ले तर सॅमसंगने बनवलेला. बाहेर हाडवैर आणि आत सोयरीक, हे झाकण उघडणाऱ्यालाच दिसतं.

आकड्यांचंही तेच. 2013 मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस 4 च्या एका आवृत्तीत असं सापडलं की ग्राफिक्सची चिप एरवी 480 मेगाहर्ट्झपर्यंतच जाते, पण ठरावीक चाचणीचं ॲप उघडलं की 533 वर. म्हणजे इन्स्पेक्शनच्या दिवशी शाळेच्या पोरांनी इस्त्रीचे कपडे घालून यावं, तसं. 2018 मध्ये हुआवेचे काही फोन अशाच कारणाने थ्रीडीमार्क या चाचणीच्या यादीतून काढले गेले. 2022 मध्ये उलटी तऱ्हा निघाली: सॅमसंगचे फोन गेम आणि इतर ॲपना लगाम घालत, पण चाचणीच्या ॲपना मोकळं सोडत. गीकबेंच या चाचणीवाल्यांनी एस 10 पासून एस 22 पर्यंतच्या मॉडेलांचे आकडे यादीतून काढून टाकले. लगाम घालण्यात मला गैर वाटत नाही. फोनला पंखा नाही, तापला तर वेग कमी करणं शहाणपणाचंच. लपवाछपवीचा तेवढा राग येतो.

आणि दहा लाख असोत की सात, तो आकडा नव्या बॅटरीवरचा. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो, आणि चिपने एकदम ताकद मागितली की व्होल्टेज खाली बसतं. डिसेंबर 2017 मध्ये ॲपलने कबूल केलं की जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून कंपनीच त्यांचा वेग उतरवत होती. माझ्याकडे ‘फोन स्लो झालाय’ म्हणून येणाऱ्यांना मी आधी बॅटरीच बदलायला सांगतो. निम्मे लोक ऐकतात. उरलेले नवा घेतात आणि जुना पोराला देतात.

तर ते दोन फोन. मागचं काच-झाकण हॉट प्लेटवर गरम करून सोडवलं. मुंबईकराच्या फोनला पाण्यापासून बचावाचं आयपी 68 मानांकन होतं, त्या भरवशावर तो छातीभर पाण्यात उभा राहून शूटिंग करत होता. हे 68 गोड्या पाण्यात मोजतात, तेही कंपनीने ठरवलेल्या खोलीला आणि वेळेला. समुद्राचं त्यात काही नाही. ऑस्ट्रेलियात सॅमसंगने गॅलेक्सी फोन समुद्रात आणि पोहण्याच्या तलावात दाखवून जाहिराती केल्या होत्या, त्यापायी जून 2022 मध्ये 1 कोटी 40 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ओल्या फोनला चार्जर लावला तर तोंड गंजतं, हा तिथला मुद्दा होता. पठ्ठ्याने नेमकं तेच केलं होतं. चालू होतो का बघायला रात्री चार्जरला लावला.

खारं पाणी वीज वाहून नेतं. बॅटरी जोडलेली असताना दोन पिनांमध्ये ते साचलं की पिना खाल्ल्या जातात. भिंगाखाली पाहिलं तर चार्जिंगच्या जागी मोरचुदासारखा निळसर-हिरवा थर, आणि ब्रशने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून तो काढला तर खाली एक पिन जागेवर नाहीच. बोर्डवरही दोन लाइनी तुटलेल्या. सात लाखवाल्याने मात्र घाबरून फोन तसाच ठेवला होता, बटणसुद्धा दाबलं नव्हतं. तो साफ केल्यावर तासाभरात चालू झाला. सव्वा दोन हजारांच्या बिलावर गाववाला असा काही हसला, की जणू मॅच जिंकली.

पण या स्पर्धेचा खरा पंच मला मिरकरवाड्याच्या बंदरात भेटतो. 1 जूनला मासेमारी बंद झाली की खलाशी दोन महिने मोकळे, आणि त्यांचे फोन माझ्याकडे. त्यांना लाखांतलं काही नको असतं. उन्हात स्क्रीन दिसली पाहिजे, ओल्या बोटाने कॉल उचलता आला पाहिजे. काही कंपन्यांनी अलीकडे ओल्या स्क्रीनवरही स्पर्श कळेल अशी सोय दिली आहे, पण जाहिरातीत ती कॅमेऱ्याच्या फार खाली असते. इकडे मी तेवढ्यावरून फोन सुचवतो.

गेल्या जूनमध्ये एका बोटीचा तांडेल नवा फोन घेण्याआधी सल्ला विचारायला आला. शेजारच्या दुकानातून दोन मॉडेल मागवली. मी त्याला प्रोसेसर समजावायला लागलो, त्याने हात वर केला. ‘दादा, इंजिनाच्या बाजूला आवाज कुठल्याचा येतो ते सांगा.’ हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नसतं. मग त्यानेच दोन्हीवर रिंगटोन लावायला सांगितली, रस्ता ओलांडून एका रिक्षाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि रिक्षावाल्याला म्हणाला, रेस कर. मी काउंटरवरून आधी एक वाजवला, मग दुसरा. धुरातून त्याने दोन बोटं वर केली.