आजीचा डावा कान

हौशी फोटोग्राफर मंडळी रविवारी सकाळी जमली, की पडद्यावरच्या पहिल्या दहा चित्रांत एक आजी हमखास असते. खिडकीशी बसलेली, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. फोटो काढणारा मागच्या खुर्चीवर अंग चोरून बसलेला. मग सुरू होतं. ‘डावा कान सॉफ्ट आहे.’ ‘डोळ्यांत कॅचलाइट नाही.’ ‘डोक्यातून खिडकीचा गज उगवलाय.’ नाहीतर नुसतंच ‘मस्त!’, ज्याचा त्या बिचाऱ्याला सगळ्यांत कमी उपयोग.

यातलं बरंचसं खरं असतं. अर्धं पाऊल डावीकडे सरकून गज टाळता आला असता, हे नवख्याला कुणीतरी सांगायलाच हवं. बुबुळात उजेडाचा तो पांढरा ठिपका नसला, तर नजर विझल्यासारखी वाटते; आजीने हनुवटी किंचित उचलली की तो बहुधा येतो. पण कानाचं काय? 85 मिमीची लेन्स एफ/1.8 वर उघडून जवळून चेहरा टिपला, तर पापण्या लख्ख आणि कान धूसर, हे व्हायचंच. ते नकळत झालं की मुद्दाम केलं, हे काढणाऱ्याला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारायचं सोडून सगळे सांगतच सुटतात.

फोटोग्राफर ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉनच्या वाट्यालाही हेच आलं. 1815 साली कोलकात्यात जन्मलेली ही बाई इंग्लंडमधल्या वाइट बेटावर राहत होती. 1863 च्या डिसेंबरात लेक-जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा तिचं वय 48. कोळशाच्या खोलीची डार्करूम झाली, कोंबड्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. काचेवर कोलोडियनचा लेप द्यायचा आणि तो ओला आहे तोवरच सगळं उरकायचं. समोरच्याने मात्र मिनिटंच्या मिनिटं हलायचं नाही.

पुढच्याच वर्षी ती लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीची सभासद झाली, चित्रं प्रदर्शनांत लावू लागली. तिथल्या जाणकारांनी तिला धारेवर धरलं. काचेवर ओघळ, बोटांचे ठसे आणि वर चित्रंही धूसर! ओघळ आणि ठसे हा हाताचा दोष होता, त्यात वाद नाही. धूसरपणाची गोष्ट वेगळी. 1874 मध्ये लिहिलेल्या आठवणींत ती सांगते, की पहिल्यांदा ते योगायोगाने साधलं. फोकस करताना जिथे सुंदर दिसलं, तिथेच ती थांबली. त्यानंतर ती आयुष्यभर तिथेच थांबत राहिली. टीकाकारांनी मात्र बोटाचा ठसा आणि ही नजर एकाच यादीत घातली.

शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने तसं केलं नाही. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोचा गुण त्यानेच शोधलेला, तेव्हा तांत्रिक उणिवा त्याला काय दिसल्या नसतील? पण 1866 मधलं तिचं ‘द माउंटन निम्फ, स्वीट लिबर्टी’ पाहून त्याने कळवलं ते एवढंच, की ही मुलगी जिवंत आहे, कागदातून डोकं बाहेर काढते आहे. असा अभिप्राय मिळाला, की माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेरा हातात घेतो.

मुंबईत हे दाखवणं-बघणं त्याहून जुनं. 1854 मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी तिचे सभासद. 1856 पासून हौशींच्या चित्रांचा मासिक अल्बमही निघू लागला. त्यातल्या कित्येक पोर्ट्रेटखाली जात किंवा समाज लिहिलेला आहे, माणसाचं नाव नाही. समोर बसलेल्यांना ती चित्रं कशी वाटली, हे विचारायचं राहूनच गेलं असावं.

कॅमेरॉनबाईने आपलं पहिलं यश मानलं ते ॲनी नावाच्या लहान मुलीचं चित्र. 29 जानेवारी 1864 ला काढलं, त्याच दिवशी छापलं, चौकटीत बसवलं आणि रात्री आठच्या आत मुलीच्या वडिलांना दिलंसुद्धा. सोसायटी, प्रदर्शनं, टीका, सगळं नंतर.

मागे एका बैठकीत कानावरून बराच खल झाल्यावर कुणीतरी त्या मागच्या खुर्चीवरच्या मुलाला विचारलं, ‘आजीला दाखवलास का रे?’

‘दाखवला ना,’ तो म्हणाला. ‘आवडला तिला. फक्त म्हणाली, कानातली कुडी माझ्या आईची आहे, ती नीट दिसायला हवी होती.’