चार घोड्यांचा डाव

उन्हाळ्याच्या सुटीत नातू पुण्याहून साताऱ्याला येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत कपडे कमी आणि पत्ते फार असतात. हे पत्ते म्हणजे आपले बावन पानांचे नव्हेत. त्यांवर राक्षस असतात, जादूगार असतात, ज्वालामुखी असतात आणि मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलेले नियम असतात. रिचर्ड गारफील्ड नावाच्या एका अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली हा खेळ काढला. इथे प्रत्येकाने आपापला साठ पानांचा कॅट घरून जुळवून आणायचा. म्हणजे डाव पिसण्याआधीच निम्मा खेळ होऊन गेलेला असतो.

यंदा आल्या आल्या त्याने मला विचारले, "आजोबा, तुम्ही माझ्याविरुद्ध माझ्याच कॅटने खेळाल?"

प्रश्न मला कळला नाही. मग त्याने समजावून सांगितले. त्याने आणि त्याच्या जिवलग मित्राने मिळून एक कॅट तयार केला होता आणि दोघेही तोच घेऊन एका स्पर्धेत उतरणार होते. दोघांची गाठ पडली तर? दोन्ही बाजूंना तीच साठ पाने! याला ती मुले 'मिरर मॅच' म्हणतात. शिवाय प्रत्येकाजवळ पंधरा राखीव पाने असतात. तीन डावांपैकी पहिला डाव संपला की त्यांतली हवी ती आत घ्यायची आणि नको ती बाहेर काढायची. या राखीव पानांना साइडबोर्ड म्हणतात. तो शब्द ऐकून माझ्या डोळ्यांपुढे बशा ठेवायचे कपाट उभे राहिले, पण मी गप्प बसलो.

झाले! घरातले दोन जुने कॅट बाहेर निघाले, सौभाग्यवतींची डिंकाची बाटली रिकामी झाली आणि किलवर-बदामच्या अंगावर राक्षसांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटल्या. दुपारभर आमचे युद्ध चाले. तासाभराने जागा बदलायच्या, म्हणजे आधी खेळणाऱ्याने मग दुसऱ्या हाताने खेळायचे. पोराचा हिशेब मात्र पक्का होता. तो म्हणाला, "पहिला डाव एकच असतो, आजोबा. त्यानंतरचे एक किंवा दोन डाव बदललेल्या पानांचे. म्हणून सराव बदललेल्या पानांचाच जास्त करायचा." आणि बदल तरी कसला? इतरांचे राक्षस मारायची पाने बाहेर, कारण आपल्यासारख्याच्या कॅटमध्ये राक्षस नसतातच. त्यांच्या जागी हातात जास्त पाने आणून देणारी पाने आत. पण समोरचाही हेच करणार. मग त्याने तसे केल्यावर आपण काय करायचे? आणि आपण ते करणार हे त्याने ओळखले तर? समोरासमोर दोन आरसे टांगावेत तशी ही विचारांची रांग लांबत जाते, आणि दुपारच्या चहापर्यंत माझे डोके दुखू लागते.

चौथ्या दिवशी त्याने दोन पाने मला हळूच दाखवली. ती दोघांनी मिळून केलेल्या यादीत नव्हती.

"तुझ्या मित्राला माहीत आहेत?"

"नाही. सांगितली तर उपयोग काय?"

यावर आजोबांनी चार शब्द सांगायला हवे होते. मला ते सुचेनात. माझ्यापुढे एकदम सांगली उभी राहिली होती.

माझे आजोळ सांगलीचे. सातारा आणि सांगली हे तसे एकाच घरातले. १९४९ साली जुन्या साताऱ्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले. आमच्या माहुलीवरून जाणारे कृष्णेचे पाणीच पुढे तिथल्या आयर्विन पुलाखालून वाहते. पण सांगलीकरांच्या अंगात एक गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे बुद्धिबळ. तिथले नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ सालचे. भाऊसाहेब पडसलगीकरांनी आयुष्यभर तिथे मुलांना खेळ शिकवला, आणि पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेतेपद मिळवणाऱ्या भाग्यश्री साठेही याच गावच्या. अशा गावात सुटीत पोरांना विहिरीवर जायचे सुचत नाही, पट मांडायचे सुचते.

मला आणि माझ्या मामेभावाला मामांनी एकाच पटावर शिकवले. भाऊ माझ्याहून वर्षाने मोठा. मी त्याला दादा म्हणतो. मामा देशी पद्धतीत वाढलेले. तीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर सरके आणि शह न बसलेल्या राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असे. आम्हांला मात्र त्यांनी आंतरराष्ट्रीय नियम शिकवले आणि शाईने रेघा मारलेली एक वही दिली. जो काही नवीन शोध लागेल तो दोघांनी त्या वहीत लिहायचा. वही सहा महिने सांगलीस, सहा महिने साताऱ्यास. तेव्हा आमच्या दोघांचा खेळ एकच झाला होता यात नवल नाही. आम्ही कायम चार घोड्यांचा डाव खेळायचो. दोघांची राजापुढची प्यादी दोन दोन घरे, दोघांचे दोन्ही घोडे बाहेर; तिसऱ्या खेळीअखेर पटाची एक बाजू दुसरीची हुबेहूब नक्कल. मग पांढऱ्याने उंट घोड्यावर रोखला की काळ्यानेही तसाच रोखायचा. हा डाव आमच्यात बहुतेक बरोबरीत सुटे, आणि मामा खूश होत.

१९७१ च्या उन्हाळ्यात सांगलीतल्या एका स्पर्धेत आम्ही दोघे उतरणार होतो. त्याआधी मार्चमध्ये साताऱ्याच्या वाचनालयात एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मला अकिबा रुबिनस्टाइन या पोलिश खेळाडूचा तोड सापडला. पांढऱ्याने उंट रोखला की नक्कल करायचीच नाही. काळ्याने आपला वजिराकडचा घोडा सरळ पटाच्या मध्यावर उडवायचा आणि मधले प्यादे उघडे टाकायचे. आरसा तिथेच फुटतो.

वही तेव्हा माझ्याकडेच होती. मी त्यात काही लिहिले नाही.

पण सराव कोणाबरोबर करणार? दादासारखा खेळणारा दादाच. मग मी रात्री एकटाच पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळू लागलो. पांढऱ्याकडे वळलो की मी दादा होत असे. त्याच्यासारखा हनुवटीखाली मूठ ठेवून बसे. घोड्याला घोडा मारून पांढऱ्याला सहज बरोबरी साधता येते, हे मला दुसऱ्याच रात्री कळले. पण दादा तसे करणार नाही हेही कळले. समोर उघडे पडलेले प्यादे दादाच्याने सोडवत नसे, हे मला ठाऊक होते.

तिसऱ्या फेरीत आमची गाठ पडली. त्याची मोहरी पांढरी. मी घोडा उडवला, त्याने थोडा वेळ पाहिले आणि प्यादे घेतले. चौतिसाव्या खेळीला त्याने डाव सोडला. हात मिळवताना त्याने खेळीविषयी काहीच विचारले नाही. एवढेच विचारले, "केव्हापासून?"

"आत्ताच सुचलं," मी म्हणालो.

निघताना मी वही त्याच्या हातात ठेवली. "राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला. त्यानंतर लग्नामुंजीत भेटी झाल्या, एकमेकांच्या सुखदुःखाला आम्ही धावून गेलो. पट मात्र दोघांनीही मांडला नाही.

नातवाला मी काही सांगितले नाही. उलट ती दोन पाने घालून आम्ही आणखी वीस डाव खेळलो आणि ती खरोखर उपयोगाची निघाली. स्पर्धेत त्या दोघा मित्रांची गाठ पडलीच नाही. आमचे चिरंजीव पहिल्याच फेरीत एका अनोळखी मुलाकडून हरले. त्याच्याकडे राक्षसच राक्षस होते म्हणे.

पुढच्या आठवड्यात मी कंदी पेढ्यांचा पुडा घेतला आणि सांगलीची एस. टी. धरली. पिशवीत वही होती. दादाने ती पाहिली, उघडली नाही. आत जाऊन मामांचा पट घेऊन आला आणि न विचारता पांढरी मोहरी आपल्याकडे मांडली. वहिनींनी भडंगाची बशी आणून ठेवली. प्यादी, घोडे, मग त्याचा उंट. मी घोडा मध्यावर उडवला.

दादाने क्षणाचाही वेळ न घेता घोड्याने घोडा मारला. दहा खेळ्यांत दोन्ही वजीर पटावरून गेले आणि उरला त्यात कोणालाच काही नव्हते.

"बरोबरी," मी म्हणालो. "ही केव्हा सापडली?"

"त्याच पावसाळ्यात," तो भडंगाची मूठ भरत म्हणाला. "पण तू परत मांडलासच नाहीस."