खाण तशी माती?

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळलेली आहे कीं, ती उच्चारतांना आपण एखाद्या बालकाच्या भवितव्याचा निकाल देत आहों, याचें भानहि कोणास राहात नाहीं. विद्यार्थी वर्गांत मागें पडला कीं, घरचीं माणसें, आणि कधीं कधीं आम्ही शिक्षकहि, म्हणून मोकळे होतों, “त्याच्या रक्तांतच तें नाहीं.” या एका वाक्याच्या आधारानें कित्येक मुलांचें, आणि विशेषतः मुलींचें, नांव शाळेंतून काढलें जातें. म्हणून तें वाक्य ऐकलें कीं माझें मन अस्वस्थ होतें. रक्तांत, म्हणजे आजच्या शास्त्राच्या भाषेंत जनुकांत, काय असतें हा एक प्रश्न. आणि जें असतें तें प्रकट केव्हां होतें, हा अगदीं निराळा प्रश्न. या दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा मनुष्यास झाला तो एका क्षुद्र जंतूच्या अभ्यासानें. तो वृत्तांत विद्यार्थिमित्रांस सांगावा, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आपल्या आंतड्यांत एशेरिशिया कोलाय नांवाचे जंतु वास करितात. दुसऱ्या महायुद्धांत पॅरिस शहर जर्मनांच्या ताब्यांत असतां, जाक मोनो हे तरुण शास्त्रज्ञ जंतूंस दोन शर्करा एकत्र देऊन त्यांची वाढ मोजीत होते. द्राक्षशर्करा व दुधांतील दुग्धशर्करा एकदम दिल्यास हे जंतु प्रथम द्राक्षशर्करा तेवढी संपवितात. मग त्यांची वाढ थांबते. आणि थोड्या विरामानंतर दुग्धशर्करेवर ती पुन्हां सुरू होते. १९४१ सालच्या आपल्या प्रबंधांत मोनो यांनीं अशा दुहेरी वाढीचें वर्णन केलें. त्या विरामांत काय घडत असावें, हा प्रश्न त्यांस पुढें वीस वर्षें पुरला.

पेशींतील डीएनए हें जणूं कचेरींतील मूळ दफ्तर होय. दफ्तर बाहेर न्यावयाचें नाहीं. लागेल तेवढ्याच पानाची नक्कल आरएनए या द्रव्यांत उतरून घ्यावयाची, आणि त्या नकलेवरून प्रथिनें घडवावयाचीं, अशी तेथील रीत आहे. नक्कल उतरण्याच्या या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात, आणि आरएनए पॉलिमरेज हा तिचा कारकून. या जंतूच्या दफ्तरांत चार हजारांहून अधिक जनुकें आहेत. सर्वांच्या नकला अहोरात्र होऊं लागल्या, तर पेशीचें दिवाळें वाजावयाचें!

दुग्धशर्करेशीं संबंध असलेलीं तीन जनुकें या दफ्तरांत एका ओळींत आहेत. त्यांच्या आरंभीं एक रोधक प्रथिन ठाण मांडून बसतें व कारकुनाची वाट अडवितें. दुग्धशर्करा पेशींत शिरली कीं, तिच्यापासून झालेला एक पदार्थ रोधकास चिकटतो; त्यानें रोधकाचा आकार बदलतो, पकड सुटते आणि नक्कल सुरू होते. कांहीं मिनिटांतच ती शर्करा फोडणारें एन्झाइम तयार होऊं लागतें. परंतु केवळ वाट मोकळी होऊन भागत नाहीं. द्राक्षशर्करा विपुल असेपर्यंत कारकून तेथें जोमानें काम करीत नाहीं. ती संपली म्हणजे दुसरें एक प्रथिन त्यास हात देतें. मोनो यांस दिसलेला विराम तो हाच फेरबदल होता.

आणखी एक गोष्ट मला फार मननीय वाटते. रोधकाचा पहारा कडेकोट नसतो. तो मधूनमधून क्षणभर सुटतो, आणि त्यामुळें या जनुकांपासून होणाऱ्या प्रथिनांचे थोडेसे रेणू पेशींत नेहमींच असतात. त्या थोड्यांच्याच साह्यानें पहिली दुग्धशर्करा आंत येते व तिच्यापासून तो किल्लीचा पदार्थ बनतो. पहारा पूर्ण असता, तर दूध दारीं येऊनहि दार उघडलें नसतें.

ही उपपत्ति मोनो व फ्रांस्वा जाकोब यांनीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतून १९६१ सालीं मांडली. जाकोब यांस शस्त्रवैद्य व्हावयाचें होतें. परंतु १९४४ सालीं नॉर्मंडींत ते युद्धांत जबर जखमी झाले, आणि ती वाट कायमची बंद झाली. १९६५ सालीं आंद्रे ल्वोफ यांच्यासह या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत वॉल्टर गिल्बर्ट व बेनो म्युलर-हिल यांनीं तें रोधक प्रथिन प्रत्यक्ष वेगळें काढून दाखविलें.

मनुष्यदेहांतील व्यवस्था याहून पुष्कळ गुंतागुंतीची आहे. पण तत्त्व ओळखीचें आहे. डोळ्याच्या व यकृताच्या पेशींतील दफ्तर बहुतेक एकच. कोणतीं पानें वाचावयाचीं व कोणतीं मिटून ठेवावयाचीं, एवढ्याच भेदानें एक प्रकाश टिपते आणि दुसरी पित्त निर्माण करिते.

जंतूच्या शर्करेवरून मुलाच्या बुद्धीचें गणित मांडणें हें अर्थातच शास्त्र नव्हे. जनुक मुळांतच बिघडलेलें असेल, तर कितीहि दूध घालून उपयोग होत नाहीं, हेंहि याच शास्त्रज्ञांनीं दाखविलें. तथापि विचाराची एक शिस्त यांतून खास मिळते. द्राक्षशर्करेंत सुखानें वाढणारा जंतु पाहून कोणी म्हणेल कीं, याला दूध पचविण्याची शक्तीच नाहीं. आणि घटकाभरांत तो खोटा ठरेल. जें प्रकट झालें नाहीं तें नाहींच, असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

१९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मोनो यांनीं विश्वास कोणताहि पूर्वनियोजित हेतु नाहीं, असें मत मांडलें. माझी श्रद्धा मला त्यांच्याबरोबर तेथवर जाऊं देत नाहीं. परंतु ज्या निर्मात्यास मी भजतों, त्याच्या कृतींतील ही सूक्ष्म व्यवस्था मला दाखविली ती त्यांनींच, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें.

पालकांस व सहशिक्षकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलाच्या घराण्याची चौकशी करण्यापूर्वीं त्याला आजवर काय मिळालें, याची चौकशी करावी. सकाळीं तें पोटभर खाऊन येतें काय? रात्रीं त्याच्या वांट्यास दिवा येतो काय? त्याच्या शेजारीं बसून त्याचें वाचन कोणी ऐकतें काय? हें सर्व दिल्यावर मग त्याच्या रक्ताविषयीं बोलावें. आणि तेव्हांहि जरा जपूनच बोलावें.