उजनीच्या पाण्यावर एक सकाळ

इंदापूरच्या पेठेत पिढ्यान्‌पिढ्या भुसार मालाचे दुकान चालविणाऱ्या एका दांपत्याला, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसानिमित्त, मुलाने केरळच्या वर्षावनातील एका निसर्गनिवासात चार दिवस पाठविण्याचे योजिले होते. बाईंचे गुडघे आणि तेथील चढउतार यांचा मेळ बसेना. अखेर जानेवारीत दोघे गेले ते कुंभारगावी. भिगवणच्या अलीकडे, आपल्याच तालुक्यात. वसुलीसाठी शेठ भिगवणला किती वेळा गेले असतील याची गणती नाही. पण रस्त्याच्या उजव्या हाताला चकाकणारे पाणी त्यांनी गाडीच्या काचेतूनच काय ते पाहिले होते.

हे पाणी उजनी धरणाचे. भीमेवरील हे धरण १९८० साली पूर्ण झाले. साठवण सुमारे ११७ टीएमसी; फुगवटा मागे इंदापूर, दौंडपर्यंत पसरलेला. वर्षावन येथे नाही, परंतु भीमाशंकरच्या सदाहरित अरण्यात कोसळणारा पाऊस भीमेच्या वाटेने येऊन या रुक्ष माळावर विसावतो. या पाण्याखाली अनेक गावे गेली. बाईंच्या आजोबांचे दुकान जुन्या पळसदेवला होते. तेही त्यातच गेले.

मुक्काम एका मच्छीमाराच्या घरी. पूर्वी केवळ जाळ्यावर चालणारी येथील कित्येक घरे आता हिवाळ्यात पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय करतात. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य आणि जेवण सूर्यास्तापूर्वी, हे शेठनी फोनवर कळविले होते. मासळीवर चालणाऱ्या घरात हे जमेल का, अशी बाईंना शंका होती. घरच्या गृहिणीने वेगळी पातेली काढून ज्वारीची भाकरी, पिठले, मुगाची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी पाच वाजताच पुढे ठेवली, आणि गावातला शेवटचा चहा होण्याआधी पाहुण्यांचे जेवण उरकले.

पहाटे होडी निघाली. धुके विरळ होताच चिखलाच्या उथळ पट्ट्यावर रोहित दिसले, शेकडोंच्या संख्येने. यांनाच अग्निपंख म्हणतात. मिटलेल्या पंखांतला खरा रंग ते उडाल्यावरच उलगडतो. चोच उलटी करून पाण्यात बुडवायची, जिभेने पाणी आत ओढायचे, चोचीच्या कडांच्या जाळीतून गाळून सोडायचे आणि मागे उरलेले शेवाळ व सूक्ष्म जीव गिळायचे, असे त्यांचे खाणे अखंड चालू असते. पिसांचा गुलाबी रंगही त्याच अन्नातून येतो. कच्छच्या रणात त्यांची वीण होते. पलीकडे पट्टकादंब हंसांचा थवा होता. हिमालय ओलांडून येणारा हा पक्षी काठावरच्या हरभऱ्याच्या रानाशेजारी निवांत बसलेला पाहून शेठ बराच वेळ बोलले नाहीत.

होडीवाल्याने यंत्राचा वेग वाढविला. ‘‘शेठ, मोबाईल तयार ठेवा. थव्याजवळ नेतो, एकदम उडतील. फोटो झकास येतो.’’

‘‘उडवू नका हो,’’ बाई म्हणाल्या. ‘‘जेवताहेत ते.’’

तो ओशाळून हसला. ‘‘काकू, गिऱ्हाईक तेच मागतं. मी नाही उडवले तर पुढच्या वेळी दुसऱ्याच्या होडीत बसतात.’’

हा हिशेब शेठना चांगला ठाऊक होता. ते म्हणाले, ‘‘आमच्या दुकानात रोज कोणी ना कोणी तंबाखू मागतं. वडिलांनी ठेवली नाही, मीही ठेवत नाही. गिऱ्हाईक कमी झालं, दुकान चालूच आहे. तुमचं पोट यावर आहे, म्हणून तुम्हाला शिकवत नाही. पण आमच्यासाठी यंत्र बंद करा.’’

यंत्र बंद झाले. पुढची पाऊण घटका होडी बांबूने ढकलली गेली. थवा एकदाही उडाला नाही. उलट चरत चरत होडीकडेच काही पावले सरकला. फोटो मात्र लांबूनच आले, आणि गुलाबी पंख त्यांत नाहीत. शेजारून गेलेल्या दुसऱ्या होडीतील मंडळी कुरवांना फरसाण फेकीत होती. पक्ष्याला तळलेले खाऊ घालण्यात कसली करुणा, हे त्यांचे त्यांना ठाऊक.

होडीवाल्याने एक गोष्ट सांगितली, ती पेठेतल्या माणसाने ऐकण्याजोगी आहे. धरण काठोकाठ भरते त्या वर्षी तालुका आनंदात असतो. ऊस उभा राहतो आणि उसाच्या पैशावर पेठ चालते. पण त्या वर्षी उथळ पट्टे लवकर उघडे पडत नाहीत आणि रोहित उशिरा येतात. पाणी ओसरले की पक्षी येतात आणि पंपाचे पाइप आणखी आत न्यावे लागतात. इंदापुरातही तहसील कचेरीच्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. त्यांची पिल्ले याच परिसरातील पाणथळींतील मासळीवर वाढतात. शेठना आजवर त्या झाडांखालची घाण तेवढी ठाऊक होती.

निघताना शेठनी ठरल्याहून थोडे अधिक पैसे दिले. होडीवाला घेईना, बाईंनी ते त्याच्या मुलीच्या हाती ठेवले.

परतीच्या वाटेवर बाईंनी पळसदेवला गाडी थांबवायला सांगितली. पाणी फार ओसरले की जुन्या पळसनाथ मंदिराचे शिखर वर येते. जानेवारीत तेथे नुसते पाणी होते. बाईंनी हाताने दाखविले: तिकडे देऊळ, त्याच्या अलीकडे पेठ, आणि पेठेच्या तोंडाशी आजोबांचे दुकान. नेमक्या त्याच दिशेला एक राखी बगळा पाण्यातून वर आलेल्या खुंटावर उभा होता.