चिखलात उमटलेले पाऊल

गेल्या हिवाळ्यात रेल्वेचा पास काढून आम्ही नागपूरहून सहकुटुंब सुंदरबन पाहायला गेलो. सियालदहहून लोकलने कॅनिंग, तिथून गाडीने गदखाली आणि पुढे दोन दिवस लाँचवर मुक्काम. मुलांचा एकच हट्ट, वाघ बघायचा!

भारताच्या हद्दीत सुंदरबनची १०२ बेटे आहेत. त्यांतल्या ५४ बेटांवर माणसे राहतात, बाकीच्यांवर जंगल. प्रवाशांना जंगलात उतरू देत नाहीत, सगळे लाँचवरूनच बघायचे. ओहोटी लागली आणि काठचा चिखल उघडा पडला. एकच नांगी मोठी असलेले लाल खेकडे बिळांतून बाहेर आले. कोकणात जिला निवटी म्हणतात ती मासोळी चिखलावर टुणटुण उड्या मारू लागली. श्वास घेण्यासाठी झाडांची मुळे खिळ्यांसारखी वर आलेली. वर माकडे पाला तोडून टाकत होती आणि खाली चितळ तो खात होते.

एका वळणावर वाटाड्याने इंजिन बंद करायला सांगितले. आम्हाला लाकडाचा ओंडका वाटला, ती मगर निघाली. पंधरा हातांवर तोंड उघडे टाकून पडली होती. आमची धाकटी आईला बिलगली. मगर पाण्यात शिरली, पण आवाजसुद्धा झाला नाही.

वाटाड्या म्हणाला, "दादा, याच पाण्यात माझी आई कमरेएवढी उभी राहून कोळंबीची पिल्ले धरायची." त्याचे काका खेकडे धरायला गेले, ते परत आलेच नाहीत. वाघाने नेले. आम्ही कॅमेरा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाघाच्या पावलांचे ठसे दिसले. ताजे होते, त्यांत पाणी झिरपत होते. वाघ काही दिसला नाही.

परतताना वाटाड्याने कुमीरमारी गावासमोरचे मरीचझापी बेट दाखवले. पूर्व बंगालमधून आलेल्या आणि दंडकारण्यात पाठवलेल्या निर्वासितांनी १९७८ मध्ये तिथे वस्ती केली होती. त्यांत बहुसंख्य नमःशूद्र, म्हणजे आपलेच दलित बांधव. १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर पाठवण्यासाठी ज्या समाजाने जिवाचे रान केले, तोच हा समाज. बेट राखीव जंगलात येते म्हणून १९७९ मध्ये सरकारने नाकेबंदी केली, अन्नपाणी तोडले आणि मे महिन्यात सर्वांना हुसकावून लावले. कित्येकांचे प्राण गेले.

लाँचवर कुणी बोलेना. वाघ जगला पाहिजे, यात आम्हाला शंका नाही. आयला वादळ २००९ मध्ये आले, अम्फान २०२० मध्ये. त्या वेळी या झाडांनीच वाऱ्याचा मार झेलला, असे गावकरीच सांगतात. पण ज्याच्या घरासमोर मगर आणि मागे वाघ, त्या गरिबालाही जगण्याचा हक्क आहे.

आज शेजारीपाजारी विचारतात, "वाघ दिसला का?" मुले मगरीची गोष्ट रंगवून सांगतात. ती संपली की मरीचझापीची गोष्ट आम्ही सांगतो.