सूचनांची वेळ

महामार्गावरून जाणाऱ्याला नांदुरा मान वर करून बघावं लागतं. 105 फुटी मारुतीचे फोटो काढून माणसं पुढे जातात, आणि त्यावर लिहिणाऱ्यांची वाण नाही. रेल्वेच्या खिडकीतून मात्र गाव मान वर करायला लावत नाही. मलकापूर मागे पडलेलं असतं, जलंब यायचं असतं, आणि मधल्या काळ्या रानात पराट्या उभ्या असतात. हे मधलेपण नांदुऱ्याचा स्वभाव आहे. भुसावळकडून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपूरला पोचला, 1870 मध्ये जलंबहून खामगावचा फाटा निघाला, तो कापसासाठी. त्याच रुळांच्या आधाराने पुढे अमेरिकी मिशनरी वऱ्हाडात आले. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स हे त्यांच्या संस्थेचं नाव, पण इथल्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडी नुसतं ‘अलायन्स’. अकोला, खामगाव, मलकापूर, बुलढाणा अशी त्यांची ठाणी. नांदुरा त्यांच्या मधोमध. ठाण्याच्या गावी बंगला असतो, शाळा असते, घंटा असते. मधल्या गावच्या वाट्याला येते ती वाट पाहणं: कुणी येईल, उपासना घेईल, पुढच्या गाडीने जाईल. म्हणूनच ख्रिस्ती मंडळीच्या पुरोगामीपणाचा विचार ठाण्याच्या गावाऐवजी नांदुऱ्याच्या फलाटावर उभं राहून करावासा वाटतो. मोठ्या चर्चला आपलं मोठेपण मिरवायला पुष्कळ गोष्टी असतात. थोड्या घरांच्या मंडळीजवळ फार तर पुढचा आठवडा असतो.

आणि तो पुढचा आठवडा कळतो सूचनांच्या वेळी. उपासनेतला हा सर्वांत दुर्लक्षित भाग. दोन गीतं झालेली असतात, शास्त्रवाचन झालेलं असतं, उपदेश व्हायचा असतो, आणि मध्येच कुणी तरी दुमडलेल्या कोपऱ्यांची वही घेऊन पुढे येतं. बुधवारी संध्याकाळी सातला अमक्यांच्या घरी प्रार्थना. गुरुवारी महिला मंडळ. शब्बाथ शाळेच्या मुलांनी वचन पाठ करून यावं. दवाखान्यात भरती असलेल्यांना भेटायला कोण जाणार, त्यांनी नावं द्यावीत. शनिवारी दफनभूमीतलं गवत काढायचं आहे, येताना विळा नि फावडं आणावं. नाताळच्या नाटकाची तालीम आठवड्यावर आली तरी मेंढपाळ अजून एक कमी आहे. या वेळात माणसं खाकरून घेतात, आया पदराआडून लेकरांच्या हातावर बिस्किटं ठेवतात, मागच्या बाकावर जांभई येते. उपदेशाला कान टवकारणारी मंडळी सूचनांना सैल पडते. माझं म्हणणं इतकंच आहे की ऐकायला हवं ते याच वेळी. मंडळी पुरोगामी आहे की नाही, हे विश्वासांगीकारावरून कळत नाही. तो सगळीकडे सारखाच म्हटला जातो. उपदेशावरूनही कळत नाही, कारण व्यासपीठावर समता फार स्वस्त असते. कळतं ते या वहीवरून: येत्या आठवड्यात कुणाच्या घरी जायचं ठरलंय, काम कुणाच्या अंगावर आहे, आणि पुढे उभं राहून ती वही वाचतंय कोण.

उत्तम शुक्रवारचं उदाहरण घ्या. वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून देण्याची रीत मराठी मंडळ्यांत रुळलेली आहे. त्याची यादी आधीच्या रविवारी सूचनांत वाचली जाते. त्या सातांत बाई आहे का, हे पाहावं. एक असली तर तिला पुष्कळदा तिसरा उद्गार मिळतो, आईला उद्देशून असलेला. जणू तहान आणि एकटेपण हे पुरुषांचे विषय आणि आई तेवढी बाईचा. ज्या वर्षी त्या यादीत एखाद्या बाईच्या नावापुढे चौथा किंवा पाचवा उद्गार येईल, त्या वर्षी त्या मंडळीत काही तरी हललं असं समजावं. ठराव कुणी मांडलेला नसेल, मतदान झालेलं नसेल, तरी हललं.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की पुरोगामी मंडळी ही कल्पनाच परदेशी आहे. मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी उपासनांत ती शोभते, वऱ्हाडात नाही. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. कवी नारायण वामन टिळक नागपुरात धनिक आप्पासाहेब बुटींकडे काम करत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. नांदुऱ्यावरून पूर्वेकडे जाणाऱ्या रुळांचंच ते पुढचं टोक. पण 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेताना त्यांनी गोऱ्या मिशनऱ्याचा हात घेतला नाही, तर रेव्हरंड तुकाराम नथोजींचा घेतला. पुढे त्यांनी इंग्रजी चालींच्या जागी अभंग आणि भजनं आणली. मराठी मंडळीच्या ‘उपासना संगीता’त त्यांची शंभराहून अधिक पदं आहेत. त्याही आधी कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून टिळकांनी सातारला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. आजच्या अनेक मंडळ्या कागदावर लिहायला धजणार नाहीत, ते एका कोकणी ब्राह्मणाने शंभर वर्षांपूर्वी मराठीत करून ठेवलं. त्याला परदेशी म्हणायचं तर मग देशी कशाला म्हणायचं?

वऱ्हाडाचा स्वतःचा पुरावाही आहे, आणि तो दुर्लक्षित आहे म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. अलायन्सच्या जेनी फुलर अकोल्याच्या मुलखात राहिल्या. बालविवाह, विधवांचे हाल, देवदासी यांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेलं पुस्तक 1900 साली निघालं. त्याची प्रस्तावना पंडिता रमाबाईंची आहे. त्याच सुमाराला संवत छप्पन्नचा दुष्काळ वऱ्हाडावरून गेला आणि मिशनच्या आश्रमांत अनाथ मुलं भरली. पुस्तकात दया आहे तशी वरून पाहण्याची खोडही आहे. ती आज खटकते, आणि खटकायलाच हवी. पण फुलरबाईंना घरांच्या आतलं जे दिसलं ते त्यांच्या एकटीच्या डोळ्यांना दिसलं असेल, हे संभवत नाही. माजघरापर्यंत पोचायला बरोबर कुणी तरी मराठी बोलणारी लागते. मिशनच्या अहवालांत तिला बायबलबाई म्हणतात. दमणीत मडमेच्या शेजारी बसणारी, उन्हात पायी पुढच्या वस्तीवर जाणारी, चुलीपाशी बसून आधी लेकराच्या खोकल्याबद्दल विचारणारी आणि मग पिशवीतून पुस्तक काढणारी. वऱ्हाडी बोलीतलं दुखणं तिला कळायचं, इंग्रजीत त्याचा अर्थ मडमेला कळायचा, आणि छापलेल्या पानावर मडमेचं नाव यायचं. अहवालांत बायबलबायांची संख्या असते, नावं क्वचित. असलंच तर नुसतं नाव आणि पुढे ‘बाई’. आडनाव नाही, गाव नाही. मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्यांवर राग यावा असं हे एवढं एकच कारण पुरेसं आहे. पहिले पाळक, पहिला बंगला, पहिली घंटा यांच्या तारखा जपून ठेवल्या, आणि जिच्या पायांमुळे त्या तारखा पडल्या तिला ‘इतर कार्यकर्ते’ या रकान्यात टाकलं. आज वऱ्हाडातल्या महिला मंडळाने शनिवारी कुणाकडे जावं हे ठरवताना त्या बाईची वाट गिरवली तर ते नवं काही होणार नाही; राहिलेलं काम पुढे नेणं होईल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उपासना देवासाठी असते. वहीत समाजसेवा भरली तर चर्च आणि एखादी संस्था यांत फरक काय उरला? याला उत्तर पंडिता रमाबाईंच्या केडगावात मिळतं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, आणि मुक्ती मिशनच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवायला विधवा आणि टाकलेल्या बायका होत्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, पुस्तक 1924 मध्ये पुरं छापून निघालं. त्या खिळे जुळवण्याला भक्ती म्हणायचं की रोजगार? शिशाची काळी अक्षरं उलटी वाचत एकेक ओळ बसवणाऱ्या बाईला हा प्रश्न पडला नसावा. प्रश्न पडतो तो बाकावर बसणाऱ्यांना. संघटनेच्या पातळीवरही हेच दिसतं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथप्रवाह एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि पुढे त्यांनी स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा खुली केली. अलायन्स त्यात गेलं नाही, आपल्या वाटेने राहिलं. कुठली वाट शुद्ध, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. पण एवढा मोठा मिलाफ नागपुरात होऊनही मधल्या गावच्या मंडळीच्या बुधवारात काय बदललं, हे विचारल्याशिवाय त्याचं मोल कळायचं नाही.

तिसरं म्हणणं संख्येचं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्क्यालाही पोचत नाहीत. बुलढाणा जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांत ते किती विरळ असतील याचा अंदाज करावा. मूठभर घरांनी पुरोगामी व्हायचं म्हणजे करायचं काय? करायचं ते शेजारच्या शेतात पडलेलं आहे. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केलं त्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा याच बाजूला आहे, जिथे विहिरीचं पाणी पिकालाही सोसत नाही आणि माणसालाही. फुलरबाईंच्या वेळी विधवा होती ती रूढीमुळे डांबलेली. आता आहे ती कर्जाच्या कागदात अडकलेली, सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणारी. तिच्याबरोबर कचेरीत जायला शंभर माणसं लागत नाहीत, दोन पुरतात. रविवारी वहीत तेवढं एक वाक्य असावं: मंगळवारी अमक्या बाईंबरोबर तहसीलला कोण जातंय. लहान मंडळीचा हाच एक फायदा आहे की तिला समिती नेमण्याइतकी माणसंच नसतात.

राहता राहिला तो आक्षेप जो उघड कुणी बोलत नाही. बाहेरच्यांच्या दारात गेलं की धर्मांतराच्या आमिषाचा संशय येतो. तेव्हा आपण बरं, आपली भक्ती बरी. ही भीती खोटी नाही, आणि तिला हसण्यात शहाणपण नाही. पण 2020 च्या मार्चमध्ये गाड्याही थांबल्या आणि उपासनाही, त्यानंतर काय झालं ते पाहा. गाड्या सुरू झाल्या, पॅसेंजरचं जुनं वेळापत्रक काही तसंच परत आलं नाही. उपासना सुरू झाली, पुष्कळ सूचना मात्र मोबाईलच्या गटात जाऊन बसल्या. सोय झाली, हे खरंच. पण पूर्वी सगळ्याच सूचना मोठ्याने वाचल्या जायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ऐकू यायच्या: कुणाकडे प्रार्थना, किती वाजता, कशासाठी. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणूनच विचारण्यासारखंही काही उरत नव्हतं. बंद गटात गेलेल्या सूचनेभोवती तर्क उभे राहतात. संशयाला भिऊन दार लावून घेणं म्हणजे संशयाला बसायला पाट देणं. शिवाय ही भीती सगळ्यात जास्त कुणाला गप्प करते? ज्यांचे आजे-पणजे अस्पृश्य म्हणून जगले त्यांना. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या धर्माच्या अटीतून 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध मोकळे झाले, ख्रिस्ती झालेले दलित अजून त्या यादीबाहेर आहेत. सरकारने 2022 मध्ये त्यासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. मंडळीत जात नाही असं उपदेशात सांगायचं, सोयरिकीत मात्र ती विचारायची, आणि आयोगाचं नाव वहीत कधीच येऊ द्यायचं नाही, याला सावधपणा म्हणत असतील तर म्हणोत.

येत्या सणांपैकी मला सर्वांत आश्वासक वाटतो तो हंगामाचा सण, कारण त्यात लपवता येण्यासारखं काहीच नसतं. नाताळला चमक असते, पुनरुत्थानाच्या सणाला पांढरे कपडे. हंगामाच्या सणाला मात्र वेदीपाशी ज्वारीची कणसं उभी केलेली असतात, तुरीच्या शेंगा, भोपळा, अंड्यांची टोपली, पायात सुतळी बांधलेली कोंबडी, आणि या मुलखात कापूस. उपासनेनंतर लिलाव होतो. एक लिंबू दहाला सुरू होऊन दोनशेला जातं, घेणारा ते पुन्हा लिलावात टाकतो, हसण्याने छत हलतं. भाव पाडून कापूस विकून आलेला माणूस इथे स्वतःच्याच बोंडांना चढा भाव आलेला पाहतो, वर्षातून एकदाच का होईना. यंदा ते पैसे कुठे जाणार, छपराच्या डागडुजीला की कुणाच्या लेकीच्या वसतिगृहाच्या फीला, हे आधीच्या रविवारी मोठ्याने वाचलं गेलं तर बरं. बोली पुकारण्याचं काम बाईकडे दिलं तर आणखी बरं; बाजारात घासाघीस करायची सवय तिलाच जास्त. तो आवाज रस्त्यापर्यंत जातो. दार उघडंच असतं, कारण कापसाचं गाठोडं आत आणताना ते लोटून घ्यायला कुणाचा हात मोकळा नसतो.